सनदेपूर्वीचा न्याय

‘हा हुकूम कायदेशीर असेल, पण तो न्याय्य नाही’ असे शब्द एखाद्या भाबड्या माणसाच्या तोंडून निघाले, की आपल्याकडील सुशिक्षितांच्या बैठकीत हल्ली एक कीव करणारे स्मित उमटते. त्या स्मितामागील सिद्धान्त इतका रूढ झाला आहे की, तो सिद्ध करून दाखविण्याची तसदीही आता कोणी घेत नाही. कायदा म्हणजे अधिकारारूढ सत्तेने काढलेला हुकूम. त्या हुकमाला जाब विचारील असा दुसरा कोणताही कायदा त्याच्या पलीकडे नाही. नैसर्गिक कायदा या नावाने युरोपात दोन सहस्र वर्षे जे सांगितले गेले ते ख्रिस्ती धर्मपीठाने आपली मते लोकांच्या गळी उतरविण्यासाठी रचलेले कुभांड. निसर्गात मोठा मासा लहान माशाला गिळतो, तेव्हा निसर्गाला गुरू करावयाचे तर गिळण्याचीच विद्या शिकावी लागेल. याच निसर्गाचा हवाला देऊन गुलाम बाळगले गेले, स्त्रियांना उंबरठ्याआड ठेवले गेले, जन्मावरून माणसांच्या पायऱ्या लावल्या गेल्या. आणि एवढ्यावरही कोणी हट्टाने निसर्गाचे नाव घेतलेच, तर ज्याचा त्याचा निसर्ग निराळा असल्याने निवाडा कोणी करावयाचा हा प्रश्न उरतोच, अशी ही एकंदर फिर्याद आहे. फिर्यादी पक्षापेक्षाही ती मी अधिक नेटकेपणाने मांडली आहे, याचे कारण एवढेच की, तिचा समाचार घेतल्यावर ‘आमचे म्हणणे असे नव्हतेच’ ही पळवाट कोणाला राहू नये.

धर्मपीठाचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो सर्वांत लाडका आहे आणि त्याला आधार सर्वांत कमी आहे. ख्रिस्तजन्माच्या चार शतकांहून अधिक काळ आधी अथेन्सच्या रंगभूमीवर सोफोक्लीझने आपली अँटिगनी उभी केली. राजा क्रिऑनने तिच्या भावाचे प्रेत पुरू न देण्याचा हुकूम काढलेला आहे, तो रीतसर जाहीर झालेला आहे, तो तिला ठाऊकही आहे. आणि तरीही राजाच्या दवंडीने देवांचे अलिखित नियम रद्द होत नाहीत असे ती त्याच्या तोंडावर सांगते. तिच्या या उत्तराचा दाखला पुढे ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात दिला, आणि तोही कोर्टात बोलणाऱ्यांच्या उपयोगासाठी: लिखित कायदा आपल्या पक्षाच्या विरुद्ध जात असेल तर सर्वमान्य अलिखित कायद्याचा आधार घ्यावा, आणि अनुकूल असेल तर मात्र लिखितालाच चिकटून राहावे! (वकिलीच्या धंद्यात तेवीस शतकांत फारसा फरक पडलेला दिसत नाही.) धंद्याची ही चलाखी बाजूला ठेवली, तरी न्यायाचा काही अंश देशोदेशी बदलतो आणि काही अंश सर्वत्र सारखाच राहतो, हा भेद त्याने आपल्या नीतिशास्त्रात पुऱ्या गांभीर्याने केलेला आहे. स्टोइक पंथीयांनी त्या विचाराला नगराच्या तटाबाहेर काढून विश्वव्यापी केले. आणि एपिक्टीटस हा एकेकाळचा गुलाम व मार्कस ऑरीलियस हा रोमचा सम्राट हे दोघेही त्या एकाच पंथाचे अनुयायी म्हणून इतिहासाला माहीत आहेत, ही गोष्ट मला त्या पंथाच्या कित्येक प्रमेयांहून बोलकी वाटते. सिसेरोने तर स्पष्टच लिहून ठेवले की, खरा कायदा रोमचा एक आणि अथेन्सचा दुसरा असा नसतो, आणि त्यातून मोकळीक देण्याचा अधिकार सेनेटला नाही तसाच लोकांनाही नाही. हा सिसेरो मारला गेला इसवी सनापूर्वी ४३ या वर्षी. त्या वेळी धर्मपीठ कोठे होते?

अक्वायनसचे नाव निघाले म्हणजे मात्र या मंडळींना वैरी रंगेहाथ सापडल्याचा आनंद होतो. तेराव्या शतकातील या डोमिनिकन संन्याशाने नैसर्गिक कायद्याचे मूळ ईश्वराच्या शाश्वत कायद्यात दाखविले हे खरे आहे, आणि ते दडविण्याचे मला काही कारण नाही. परंतु त्यापुढे तो काय म्हणतो? या कायद्याची आद्य तत्त्वे कळण्यासाठी धर्मग्रंथ लागत नाही; विवेक ज्याला आहे त्या प्रत्येकाला, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ती कळतात. त्याच्या आधी बारा शतके सेंट पॉलनेही रोममधील मंडळीला लिहिलेल्या पत्रात, ज्यांना मोझेसचे धर्मशास्त्र मिळालेले नाही अशा परक्यांच्याही अंतःकरणावर कायदा कोरलेला असल्याचे मान्य केले होते. आता ज्याला आपली मते दुसऱ्यावर लादावयाची आहेत असा पुरोहित हे कशासाठी बोलेल? त्याच्या हाती पोथी आहे, नरकाचे भय आहे, प्रसंगी इन्क्विझिशनची कोठडी आहे. ती कोठडी काय चीज असते हे निदान गोमंतकीयांना तरी कोणी सांगावयास नको. एवढी सामग्री हाताशी असताना ‘हे तुला माझ्या पोथीवाचूनही कळते’ अशी कबुली देणाऱ्याला कारस्थानी म्हणावयाचे, की आपल्याच हाताने आपली मक्तेदारी मोडणारा म्हणावयाचे?

ही कबुली नुसती ग्रंथात राहिली नाही. १५३९ साली सालामांका विद्यापीठातील फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या धर्मशास्त्राच्या अध्यापकाने भर वर्गात असे प्रतिपादन केले की, अमेरिकेतील मूळ रहिवासी ख्रिस्ती नसले तरी आपल्या भूमीचे व मालमत्तेचे खरे धनी आहेत, अश्रद्धेमुळे मालकी बुडत नाही, आणि पोप हा काही साऱ्या पृथ्वीचा ऐहिक स्वामी नव्हे की त्याने ती कोणाला बहाल करावी. त्याच वर्षी बादशहा पाचव्या चार्ल्सने त्याच्या मठाच्या प्रमुखाला पत्र लिहून असल्या चर्चा बंद करण्याविषयी फर्मावले. पुरोहितांनी राजाच्या सोयीसाठी रचलेले कुभांड असते, तर राजाला एवढी चीड का यावी? पुढे १६०९ मध्ये ह्यूगो ग्रोटियसने हेच अस्त्र पोर्तुगीजांवर चालविले. गोव्यात शतकभर ठाण मांडून बसलेल्या त्या सत्तेचा दावा असा की, पूर्वेकडील समुद्र आणि त्यावरील व्यापार पोपच्या दानपत्राने आपल्याला मिळालेला आहे. ग्रोटियसचे उत्तर असे की, जे पोपचे नव्हतेच ते त्याने दिले कसे, आणि पूर्वेच्या देशांना त्यांचे स्वतःचे राजे आहेत त्याचे काय? ग्रोटियस हा डच कंपनीची बाजू मांडणारा वकील होता आणि त्या कंपनीने पुढे त्याच राजांचे काय केले, हे मला माहीत आहे. परंतु स्वार्थी अशिलाला देखील ज्या तत्त्वाचा आसरा घ्यावा लागला त्या तत्त्वाचा त्यात कमीपणा कोणता? याच ग्रोटियसने १६२५ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात लिहिले की, ईश्वर नाही असे क्षणभर मानण्याचे पातक केले तरीही हा कायदा बऱ्याच अंशी लागू राहील. ज्या विचाराने ईश्वरावाचूनही आपण टिकून राहू असे चारशे वर्षांपूर्वी सांगितले, त्याला आज ‘धर्मपीठाची बटीक’ म्हणणे हे अज्ञान तरी आहे किंवा आळस तरी.

आता मत्स्यन्याय. मोठा मासा लहान माशाला गिळतो हा शोध आपणच लावला अशा थाटात तो सांगितला जातो. जणू काही ॲरिस्टॉटल, ज्याने प्राण्यांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले, त्याने मासा कधी पाहिलाच नव्हता! नैसर्गिक कायदा सांगणाऱ्यांनी जंगलात जाऊन, वाघ काय करतो ते पाहून, त्यावरून माणसाचे कर्तव्य ठरविले, ही समजूत मुळातच खोटी आहे. अक्वायनसचे पहिले सूत्र जे हितकर ते करावे व त्याचा पाठपुरावा करावा, जे अनिष्ट ते टाळावे, एवढेच आहे. ते प्राणिशास्त्रातून काढलेले नसून, विचार करून वागणाऱ्या कोणत्याही जीवाच्या वागण्यात ते अगोदरच गृहीत असते. माणूस जगू पाहतो, अपत्ये वाढवितो, सत्य जाणू पाहतो, इतरांच्या संगतीत राहतो. या गोष्टी त्याच्या भल्याच्या आहेत हे कळण्यास ‘आहे’ वरून ‘असावे’ वर उडी मारावी लागत नाही. ती उडी बेकायदा आहे हे डेव्हिड ह्यूमने १७४० मध्ये दाखविले, त्याबद्दल त्याला धन्यवाद. पण ज्याने ती मारलीच नाही त्याला तिच्याबद्दल दंड कसा करता येईल?

ती उडी मारणारे कोणीच नव्हते असे मात्र मी म्हणणार नाही. रोमन विधिज्ञ उल्पियनने, निसर्गाने सर्व प्राण्यांना जे शिकविले तो नैसर्गिक कायदा, अशी एक ढिली व्याख्या करून ठेवली आणि तिने पुढे पुष्कळ घोटाळा केला. शरीराच्या अवयवांचे ‘कार्य’ ठरवून त्यावरून पाप-पुण्याचा हिशोब मांडण्याची जी रीत पडली, आणि जिच्यापायी १९६८ च्या पोपच्या परिपत्रकात दिवस मोजून केलेले संततिनियमन चालते पण औषध घेऊन केलेले चालत नाही अशी चमत्कारिक वाटणी झाली, ती मला कधीच पटलेली नाही. आमच्या दंडसंहितेत १८६० साली इंग्रजांनी ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ हे शब्द घालून ठेवले ते याच वळणाचे. परंतु २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतिवयातील माणसांच्या खासगी संबंधांपुरते ते कलम मोडीत काढले, ते कशाच्या आधारावर? बहुमताने केलेल्या कायद्यालाही हात लावता येणार नाही अशी काही प्रतिष्ठा माणसाला माणूस म्हणून असते, या आधारावर. म्हणजे निसर्गाच्या नावाने आलेला खोटा युक्तिवाद हरला तो माणसाच्या स्वरूपाविषयीच्या खऱ्या युक्तिवादापुढे, सत्तेच्या हुकमापुढे नव्हे. हुकूम तर त्या कलमाच्याच बाजूला दीडशे वर्षांहून अधिक काळ उभा होता.

गुलामगिरीचा आक्षेपही याच कसोटीवर घासून पाहावा. ॲरिस्टॉटलने काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे लिहिले, हा त्याच्या ग्रंथावरील डाग आहे आणि तो कोणत्याही भाष्याने धुऊन निघणार नाही. पण तो डाग आहे हे सांगितले कोणी? रोमन विधिज्ञांनी, ज्यांच्या समाजाचा सगळा गाडा गुलामांच्या खांद्यावर चालला होता, त्यांनी आपल्याच ग्रंथात नोंदवून ठेवले की गुलामी ही राष्ट्राराष्ट्रांच्या रूढीने आली आणि ती निसर्गाच्या विरुद्ध आहे. कायद्याने जे चालू होते ते न्यायाने चालू नव्हते, हे मान्य करण्यासाठी त्यांना कायद्यापलीकडचे काही तरी लागलेच. १५५० मध्ये स्पेनमधील व्हायादोलिद येथील वादसभेत सेपुल्वेदा या पंडिताने ॲरिस्टॉटलची तीच उक्ती अमेरिकेतील लोकांविरुद्ध उगारली, तेव्हा बार्तोलोमे दे लास कासास हा म्हातारा बिशप दिवसचे दिवस आपला लेख वाचीत उभा राहिला, आणि त्याचे म्हणणे, त्या लोकांना बुद्धी आहे, नगरे आहेत, राज्यव्यवस्था आहे, म्हणून ते आपल्याइतकेच माणूस आहेत, याहून निराळे नव्हते. (याच लास कासासने एके काळी आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली होती आणि पुढे तिचा पश्चात्तापही लिहून ठेवला.) सेपुल्वेदाला उत्तर देण्यास, कायदा म्हणजे हुकूम असे मांडणाऱ्या इंग्रज विधिज्ञ ऑस्टिनचा ‘सार्वभौमाची आज्ञा’ हा सिद्धान्त काय कामाचा होता? सार्वभौम तर स्पेनचा बादशहाच होता. खोट्या शेराने धान्य मापणारा वाणी पकडला जातो तो खऱ्या शेराशी ताडून पाहिल्यावर; या मंडळींचा सल्ला असा की, वाणी लबाड निघाला, सबब शेरच बाजारातून उठवावा.

आणि हे सगळे परक्यांचे, आपला काय संबंध, असे म्हणणाऱ्यांनी थोडे घरात पाहावे. जोतीराव फुल्यांनी टॉमस पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ तरुणपणी वाचला. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्य धर्म’ या पुस्तकात त्यांनी निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुषांना जन्मतःच स्वतंत्र व हक्कांचे धनी केले आहे, असा सरळ पवित्रा घेतला, आणि त्या एका विधानाने स्मृतींची, पुराणांची व पेशवाईच्या शिरस्त्यांची सगळी दप्तरे रद्दबातल ठरविली. मनूने अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच व इंद्रियनिग्रह हा चारी वर्णांचा समान धर्म सांगितला आणि त्याच ग्रंथात एकाच गुन्ह्याला वर्णपरत्वे वेगवेगळ्या शिक्षा लावल्या. त्याला त्याच्याच समान धर्माने खोटे पाडावयाचे, की ‘त्या काळी तोच कायदा होता’ असे म्हणून गप्प बसावयाचे? १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकर चवदार तळ्यावर गेले, तेव्हा विरोधकांचा कोर्टातला सारा भर वहिवाटीवर होता. दहा वर्षे चाललेल्या त्या वादात अखेरीस १९३७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने, अशी अनादि वहिवाट सिद्ध होत नाही म्हणून निकाल अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने दिला. फार चांगले झाले. पण सिद्ध झाली असती तर? हजार वर्षांच्या दस्तऐवजांनी ती वहिवाट पुराव्यानिशी शाबीत झाली असती, तर माणसाला पाण्यापासून हाकलणे न्याय्य ठरले असते काय? ‘हो’ म्हणण्याची ज्याची छाती नसेल, त्याने नैसर्गिक कायद्याला हसण्याचा आपला अधिकार गमावला आहे.

यावर हुकूमवादी पक्षातील अधिक चतुर लोकांचे एक उत्तर ठरलेले असते. ते म्हणतात, आम्ही कायद्याला कायदा म्हणतो, चांगला म्हणत नाही. दुष्ट कायदा हाही कायदाच, पण तो इतका दुष्ट आहे की पाळू नये, असे म्हणण्यास आम्हीही मोकळे आहोत. ऑक्सफर्डच्या हार्टने १९५८ च्या सुमारास ही बाजू मोठ्या कौशल्याने मांडली. बरे, पण ‘दुष्ट’ हे कशावरून ठरविले? ती तुमची केवळ नापसंती असेल, तर हुकूम काढणाऱ्याची पसंती तुमच्या नापसंतीहून हलकी का? आणि ती नापसंतीपेक्षा अधिक काही असेल, तर ज्याला पुढच्या दाराने हाकलले त्यालाच तुम्ही मागच्या दाराने आत घेतले आहे. खुद्द हार्टनेही १९६१ मध्ये आपल्या ग्रंथात कबूल केले की, माणसे इजा होण्याजोगी आहेत, बळाने साधारण सारखी आहेत आणि जगण्याची साधने तोकडी आहेत, म्हणून कोणत्याही टिकाऊ कायद्यात नैसर्गिक कायद्याचा निदान एक किमान अंश असावाच लागतो. किमान तर किमान! दार उघडले गेले हे तर खरे?

हुकमापलीकडे काहीच नाही असे खरोखर मानले म्हणजे काय होते, हे पाहण्यास आपल्याला जर्मनीत जाण्याचे कारण नाही, जरी गुस्टाफ राडब्रुखसारख्या कायदेपंडिताला नाझी राजवटीच्या राखेतून १९४६ मध्ये, असह्य अन्यायापुढे लिखित कायद्याने मागे सरावे, असे लिहावे लागले. आणीबाणीत, राष्ट्रपतींच्या आदेशाने जीविताच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद झाल्यावर, विनाचौकशी स्थानबद्ध केलेल्यांचे अर्ज देशातील नऊ उच्च न्यायालयांनी विचारात घेण्याजोगे मानले आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले: पोलिसाने वैयक्तिक वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तरीही उपाय नाही काय? उत्तर मिळाले की, सरकारच्या युक्तिवादाप्रमाणे, आणीबाणी आहे तोवर नाही. त्या उत्तरात तर्काची चूक कोणती? काहीच नाही. कायदा म्हणजे हुकूम हे प्रमेय एकदा स्वीकारले की त्याचे निगमन हेच. २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्तींनी, ज्यांत पुण्यात कायदा शिकलेले यशवंतराव चंद्रचूडही होते, सरकारचे म्हणणे उचलून धरले. एकट्या खन्नांनी लिहिले की, जीविताचा हक्क संविधानाने दिलेला नाही; संविधान नव्हते तेव्हाही कोणाला कोणाचा जीव कायद्यावाचून घेता येत नव्हता. या एका मताची किंमत म्हणून पुढल्या जानेवारीत त्यांना डावलून त्यांच्या कनिष्ठाला सरन्यायाधीश करण्यात आले व त्यांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चौघांचे मत स्पष्ट शब्दांत रद्द ठरविले. आणि ते शब्द लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्या चौघांपैकी एकाचे चिरंजीव.

राहता राहिला ‘निवाडा कोणी करावयाचा’ हा प्रश्न. वादग्रस्त गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्यांवर मतभेद होणारच; अक्वायनसनेही दूरच्या निष्कर्षांत चुका होतात व मनुष्यकृत कायदे काळाप्रमाणे बदलावे लागतात हे मान्य केले आहे. पण मतभेद आहेत म्हणून सत्य नाही, हा न्याय ही मंडळी वैद्यकाला लावतात काय? मतभेद सर्वच ठिकाणी आहेत हेही खरे नाही. तालुक्याच्या कचेरीत जा. एखाद्या ग्रामसेवकावर अपहाराचा आरोप आहे; त्याला कारणे दाखवा नोटीस निघते, मुदतीत खुलासा मागविला जातो, दोषारोपपत्राची प्रत दिली जाते, चौकशी अधिकारी नेमला जातो, आणि तो अधिकारी फिर्यादीचा मेहुणा असता कामा नये हे शिपायालाही समजते. हे सगळे ज्या नावाखाली चालते ते नाव ‘नैसर्गिक न्यायाची तत्त्वे’ असे आहे. नियमांत सुनावणीचा उल्लेख नसला, तरी ती दिलीच पाहिजे, असे न्यायालये वारंवार सांगत आली आहेत. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनसेवेची एक निवडयादी रद्द केली, ती निवडमंडळावर बसलेला एक सभासद स्वतःच उमेदवार होता म्हणून. १७२३ मध्ये एका इंग्रज न्यायमूर्तीने तर असा दाखला दिला की, खुद्द परमेश्वरानेही आदमला एदेनच्या बागेतून काढण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले होते. ही तत्त्वे कोणत्या सार्वभौमाने, कोणत्या अधिनियमाने, कोणत्या तारखेपासून लागू केली? कोणीच नाही. ती हुकमाच्या आधीची आहेत, म्हणूनच हुकमाला ती मोडता येत नाहीत. आणि ज्या दिवशी ती मोडता येतील त्या दिवशी कायदा व लाठी यांत फरक करण्यास आपल्याजवळ काही उरणार नाही.

तेव्हा ज्यांना नैसर्गिक कायदा ही मध्ययुगीन भाकडकथा वाटते, त्यांना माझी विनंती एवढीच आहे. त्यांच्या नावे कारणे दाखवा नोटीस निघाली, किंवा सुनावणीवाचून निलंबनाचा आदेश हाती पडला, म्हणजे त्यांनी नैसर्गिक न्यायाचा भंग झाल्याची तक्रार करू नये. ‘आदेश सक्षम अधिकाऱ्याचा आहे, सबब तोच न्याय आहे, माझे काही म्हणणे नाही’ असे सहीनिशी लिहून द्यावे. असा एक जरी निघाला, तरी त्याच्याशी पुढचा वाद मी आदराने करीन.